थंड असताना ब्रेक ठीक, तापली की पेडल दगड: जुन्या लक्झरी गाडीतला परत परत येणारा दोष आणि रिकॉलचं भांडण

पहिल्यांदा झालं तेव्हा मी पार्किंगच्या उतारावर होतो. चाळीसेक मिनिटं ट्रॅफिकमधून आलेलो, इंजिन चांगलं तापलेलं, उतारावर एकदा ब्रेक दाबला तो नेहमीसारखा लागला, सोडला, लगेच परत दाबला आणि पेडल खाली जाईचना. म्हणजे ब्रेक गेला नव्हता, पेडलच दगडासारखं घट्ट झालं होतं. दोन्ही पाय ठेवून अक्षरशः उभा राहिलो तेव्हा गाडी भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. अर्धा मिनिट तसाच बसून राहिलो, मग परत दाबून पाहिलं तर पेडल एकदम मऊ, जसं काही झालंच नाही.

गाडी काकांकडून आलेली, सोळा वर्षं जुनी, मोठी पेट्रोल सेडान. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हा दोष व्हॅक्यूम बूस्टर (इंजिनच्या ओढीने ब्रेक दाबायला मदत करणारा डबा) असलेल्या कुठल्याही गाडीत येऊ शकतो. पुढच्या आठ महिन्यांत हे पाच वेळा झालं आणि त्या काळात पुढचे पॅड आणि डिस्क बदलल्या, ब्रेक ऑइल बदललं, शेवटी मास्टर सिलेंडरसुद्धा (पेडलच्या दाबाने चाकांकडे ऑइल ढकलणारा भाग) बदलला, आणि प्रत्येक वेळी वर्कशॉपमधून गाडी आणली की आठवडाभर ठीक आणि मग परत तेच. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला की बिघाडाचा एकही कोड नाही. टेस्ट ड्राइव्ह घेतली की सगळं ओके. "आमच्याकडे तर नीट चालतेय सर" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणालाच ते ऐकायला लागू नये असं वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी जिवाचं. चालत्या गाडीत पेडल दगड झालं तर पंप करत बसू नका. बूस्टरमध्ये जो थोडाफार व्हॅक्यूम उरलाय तो प्रत्येक दाबण्यात खर्च होतो, म्हणून एकदाच, पूर्ण ताकदीनं, दोन्ही पायांनी दाबून धरा. ब्रेक लागतो, फक्त कित्येक पट जोर लागतो. याच्या बरोब्बर उलटं म्हणजे पेडल खाली फरशीपर्यंत बसलं तर, तेव्हा मात्र भराभर पंप करायचं, कारण त्याने कधी कधी प्रेशर परत उभं राहतं. दोन्ही वेळी गिअर उतरवा, हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम खेचलात तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत चालताना ते बटण ओढून धरून ठेवलं की गाडी नियंत्रित थांबते, नुसतं एकदा ओढून सोडलं तर काही होत नाही. आणि इंजिन बंद करू नका, स्टिअरिंगही जड होतं आणि किल्ली पूर्ण फिरली तर लॉकही होऊ शकतं.

आता मूळ मुद्दा. "ब्रेक फेल झाला" हे वाक्य मेकॅनिकला काहीच सांगत नाही. पेडल नेमकं काय करतं ते सांगा. घट्ट होतं, खाली बसतं, स्पंजासारखं लागतं, थरथरतं की गाडी एका बाजूला ओढते, ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. मी सुरुवातीला "ब्रेक नीट लागत नाही" एवढंच लिहून दिलं होतं आणि त्यावर त्यांनी पॅड बदलले, जे घट्ट पेडलचं कारण असण्याची शक्यता अगदीच कमी. ती चूक माझ्याही बाजूने होतीच.

घट्ट पेडल म्हणजे जवळपास नेहमीच मदत कमी पडतेय. बूस्टर म्हणजे पेडलच्या मागे असलेला तो मोठा काळा डबा, आत रबरी पडदा, एका बाजूला इंजिनचा व्हॅक्यूम आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, या फरकामुळे तुमच्या पायाला जोर मिळतो. व्हॅक्यूम येतो एका पाइपातून आणि मध्ये एक वन-वे व्हॉल्व्ह असतो. डिझेलला आणि बऱ्याच नव्या पेट्रोल इंजिनांना वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. जुन्या गाड्यांत या सगळ्या साखळीवर बऱ्याचदा एकही सेन्सर नसतो, म्हणून स्कॅनरला काही दिसत नाही. कोड नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही, एवढं पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते.

तपासणी घरीच होते, गाडी सपाट जागेवर आणि चाकांना दगड लावून. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, घट्ट होईल. आता पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करा, पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर बूस्टर किंवा व्हॅक्यूम. मग इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा आणि पेडल दाबा, दोन-तीन दाब मऊ मिळायला हवेत. पहिलाच दाब घट्ट लागला तर वन-वे व्हॉल्व्ह धरत नाहीये. दाबून धरल्यावर पायापाशी फुस्स आवाज सतत येत असेल आणि इंजिनचा आयडलिंग बदलत असेल तर पडदा फाटलाय.

माझी गाडी या तिन्ही टेस्ट पास व्हायची! कारण मी त्या सकाळी करायचो, थंड गाडीवर. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, दोष ज्या परिस्थितीत येतो त्याच परिस्थितीत टेस्ट करायची. वर्कशॉपला गाडी सकाळी जाते, दुपारी कोणीतरी तिला हात लावतो, तोवर ती गार झालेली असते. म्हणून पाचव्या वेळी मी ठरवून एक तास गाडी चालवली, तापलेली असतानाच बॉनेट उघडलं, आणि एका मित्राला पेडल दाबायला बसवलं. एक दाब ठीक, दुसरा ठीक, तिसरा दगड. तीस सेकंद थांबलो, परत मऊ. परत भराभर तीन, परत दगड. म्हणजे व्हॅक्यूम येतोय, पण सावकाश येतोय. फाटलेला पडदा असता तर थांबून सुधारलं नसतं. मग रस्ता कुठेतरी अरुंद झालाय.

मित्राने व्हॅक्यूम गेज आणलं होतं, टी (तीन तोंडांचा जोड) लावून आधी इंजिनच्या बाजूला जोडलं, काटा 20 इंचांवर स्थिर (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात). पेट्रोल इंजिनला आयडलिंगवर साधारण 18 ते 22 इंच पारा मिळतो, म्हणजे इंजिन निर्दोष. मग गेज बूस्टरच्या तोंडाशी जोडलं आणि पेडल मारलं, काटा 8 वर पडला आणि परत वर चढायला अर्धा मिनिट लागला. दोन्हीच्या मध्ये होता एक मीटरभर रबरी पाइप. बाहेरून बघाल तर चकचकीत, एक भेग नाही. बोटांनी दाबला तेव्हा मधला वीतभर भाग शिजलेल्या शेवयांसारखा मऊ लागला, आणि काढून उजेडात आरपार पाहिलं तर आतलं अस्तर सुटून दुमडलेलं होतं. थंड असताना ते भिंतीला चिकटून राहायचं, तापलं की मऊ होऊन व्हॅक्यूमने आत ओढलं जायचं आणि पाइप गळ्यासारखा आवळायचा. एवढ्याशा पाइपासाठी मी पूर्ण मास्टर सिलेंडर बदलून बसलो होतो.

आता तुमचं पेडल घट्ट न होता खाली बसत असेल तर वाट वेगळी. हलका पण एकसारखा दाब एक मिनिटभर धरून ठेवा. पेडल सावकाश खाली उतरत गेलं आणि बाहेर कुठेच गळती नाही तर मास्टर सिलेंडरच्या आतल्या रबरी सिली (ऑइल अडवणाऱ्या कड्या) गेल्यात. ऑइलची पातळी कमी होतेय पण चाकांपाशी कोरडं ठणठणीत आहे तर मास्टर सिलेंडर बूस्टरपासून सैल करून मागे बघा, मागची सील गेली की ऑइल थेट बूस्टरच्या डब्यात जमतं. आणि एक कळकळीची विनंती, जुन्या गाडीच्या ब्रेक ऑइलमधली हवा म्हणजे एअर काढताना पेडल फरशीपर्यंत दाबू देऊ नका. सिलेंडरचा जो भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो तिथे गंज आणि चिकट थर साचलेला असतो, सील त्यावरून घासली की कापली जाते, आणि चांगला सिलेंडर त्याच दिवशी मरतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एअर काढूनही स्पंज जात नसेल तर हवा एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ब्लॉकमध्ये अडकलेली असू शकते, ती बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय निघत नाही.

गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा एक चाक तापत असेल तर लोक कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलतात, बदला, पण आधी त्याच्याकडे ऑइल नेणारा रबरी होज बघा. आतून फुगलेला होज दाबाने ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, कॅलिपर धरून बसतं. कॅलिपरवरचं ब्लीडर निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडल्यावर चाक लगेच सुटलं आणि मास्टर सिलेंडरकडचा जोड सैल करून सुटत नव्हतं, तर होजच.

ऑइलबद्दल थोडक्यात. डॉट 4 या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असावा लागतो, आणि वजनाच्या 3.7 टक्के पाणी शोषल्यावर किमान मर्यादा 155 वर येते. जड लक्झरी गाडी घाट उतरताना कॅलिपर तेवढी सहज तापते, ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल बसतं, मग गार झाल्यावर परत ठीक. तापल्यावर होणारा दोष हाही आहे, पण यात पेडल बसतं, माझ्यासारखं घट्ट होत नाही, हा फरक विसरू नका. दर दोन वर्षांनी बदला, किती चाललीय ते न बघता.

खूप जुन्या किंवा खास यंत्रणेच्या गाड्यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. ज्यांना व्हॅक्यूमऐवजी इलेक्ट्रिक पंप आणि नायट्रोजनचा गोळा आहे, त्यांत प्रत्येक दाबाला पंप सुरू होत असेल तर गोळ्यातला गॅस संपलाय, आणि कोणी हात न लावता पंप अधूनमधून चालत असेल तर आत कुठेतरी प्रेशर गळतंय. अशा गाडीत कुठलाही जोड सोडण्याआधी इग्निशन बंद करून वीस-पंचवीस वेळा पेडल दाबून प्रेशर रिकामं करायचं. 1980 नंतरच्या रोल्स-रॉइस सिल्व्हर स्पिरिटसारख्या गाड्यांत हिरवं मिनरल ऑइल लागतं, त्यात चुकून डॉट 4 ओतलं तर सगळ्या सिली बरबाद होतात. झाकणावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय बाटली उघडूच नका.

मर्सिडीझची सेन्सोट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा तर वेगळीच दुनिया. 2001 मध्ये एसएल मॉडेलवर आली, मग ई-क्लासवर. पेडल आणि चाकांमध्ये नेहमीच्या वापरात थेट जोड नाही, कॉम्प्युटर ठरवतो किती प्रेशर द्यायचं. यंत्रणा पडली तर फक्त पुढच्या चाकांना सरळ हायड्रॉलिक ब्रेक मिळतो, पेडल लांब जातं आणि घट्ट होतं. 2004 मध्ये साधारण 6 लाख 80 हजार गाड्या परत बोलावल्या, 2005 मध्ये 13 लाख गाड्यांचं आणखी मोठं रिकॉल आलं त्यात ब्रेकही होता, आणि 2006 च्या सुधारित ई-क्लासमधून कंपनीने ती काढूनच टाकली. या पंपात दाबांचा काउंटर असतो, ठरावीक संख्या पार झाली की डॅशबोर्डवर इशारा येतो, पंप चालत असला तरी. काही लोक तो काउंटर रीसेट करून देतात. कृपया करून घेऊ नका, इशारा बंद होतो, पंप नवा होत नाही. आणि या गाडीचे पॅड बदलताना यंत्रणा आधी स्कॅनरने बंद करावीच लागते, नाहीतर दार उघडल्यावर पंप जागा होऊन पिस्टन जोरात बाहेर येतो आणि बोटं चिरडू शकतात.

आता रिकॉल, म्हणजे कंपनीने सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं. आमच्या मॉडेलवर काही वर्षांपूर्वी रिकॉल निघालं होतं आणि ते नेमकं याच व्हॅक्यूम पाइपासाठी होतं! मला माहीतच नव्हतं, पत्र काकांच्या जुन्या पत्त्यावर गेलं असणार. सतरा अंकी-अक्षरी चेसिस नंबर कंपनीकडे टाकला तर उत्तर आलं, "या गाडीवर रिकॉल पूर्ण". सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, सर तुमचा पाइप त्या वेळी बदललाय, आता सोळा वर्षांच्या गाडीत रबर जाणारच, हा मेंटेनन्सचा भाग.

मी घरी येऊन काढलेला पाइप कपड्याने पुसला. बूस्टरकडच्या टोकाला पांढऱ्या अक्षरांत पार्ट नंबर आणि बनवल्याची तारीख छापलेली होती, अर्धी पुसट, मोबाइलचा टॉर्च आडवा धरल्यावर दिसली. वर्ष होतं गाडी बनली तेच. रिकॉलनंतरचा पाइप असता तर त्यावर कितीतरी नंतरचं वर्ष आणि सुधारित नंबर असता. म्हणजे पाइप कधी बदललाच नव्हता, रेकॉर्डवर फक्त टिक पडली होती.

हे भांडण कसं लढायचं ते सांगतो. पहिली गोष्ट, काढलेला पार्ट वर्कशॉपमध्ये सोडून येऊ नका. माझ्याकडे पाइप नसता तर बोलायला काहीच नव्हतं. दुसरं, फोनवर बोलू नका, लेखी मागा: रिकॉलचं काम कुठल्या तारखेला, किती किलोमीटरला, कुठला पार्ट नंबर लावून झालं, त्याचं जॉब कार्ड द्या. मला आधी "सिस्टममध्ये दिसत नाही" असं सांगितलं, लेखी मागितल्यावर आलं, त्यात "तपासणी केली" एवढंच होतं, बदलल्याचा पार्ट नंबर रिकामा. तिसरं, दोष घडतानाचा व्हिडिओ, एकाच फ्रेममध्ये पेडल, गेज आणि तापमानाचा काटा. आणि जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. "ब्रेक चेक" असं लिहू देऊ नका. "गाडी तापल्यावर तिसऱ्या दाबाला पेडल घट्ट होतं" असं लिहा.

"गाडी जुनी आहे" हा मुद्दा कुठे खरा आणि कुठे नाही तेही समजून घ्या. अमेरिकेत पहिल्या खरेदीपासून 15 वर्षं उलटल्यावर रिकॉलचं काम फुकट करून देण्याचं कायद्याचं बंधन राहत नाही, आधी ही मर्यादा 10 वर्षं होती. पण ती मोजतात रिकॉल जाहीर झालं त्या तारखेपर्यंत. म्हणजे नऊ वर्षांची असताना रिकॉल निघालं असेल तर आज गाडी वीस वर्षांची आहे हे कारण चालत नाही. भारतात 2021 पासूनच्या नियमांत 7 वर्षांच्या आतली वाहनं धरलीत. त्या मर्यादेबाहेरही कंपन्या स्वतःहून काम करून देतात, मर्सिडीझच्या त्या सेन्सोट्रॉनिक पंपाला अमेरिकेत 25 वर्षांपर्यंत वाढीव वॉरंटी दिलेली आहे, म्हणून विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आणि विचारताना रिकॉल, सर्व्हिस कॅम्पेन (कंपनीने स्वतःहून काढलेली दुरुस्ती मोहीम) आणि तांत्रिक बुलेटिन या तीन गोष्टी वेगळ्या विचारा. बुलेटिन म्हणजे नुसती मेकॅनिकला दिलेली सूचना, वॉरंटी संपल्यावर त्याचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतात.

गंज आणि रबराचं प्रकरण तर दोन्ही बाजूंनी गेलंय. अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणेने जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअप आणि एसयूव्हींच्या गंजलेल्या ब्रेक पाइपांची चौकशी 2015 मध्ये रिकॉल न काढताच बंद केली, वयामुळे झालेली झीज म्हणून. आणि 2022 मध्ये मर्सिडीझने 2004 ते 2015 दरम्यान बनलेल्या एमएल, जीएल आणि आर-क्लासच्या जवळपास 10 लाख गाड्या परत बोलावल्या, बूस्टरच्या डब्याला गंज लागतो म्हणून, आणि तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका असं मालकांना सांगितलं. त्यात सतरा-अठरा वर्षांच्या गाड्याही होत्या. माझ्या मते फरक इथे आहे की दुसऱ्या प्रकरणात रबरी आवरणाखाली पाणी साचतं हे डिझाइनचं कारण दाखवता आलं. वय हे उत्तर पुरेसं नसतं, पार्ट का गेला ते विचारायचं.

माझ्या पत्रात मी एवढंच लिहिलं, की तुमच्या रेकॉर्डनुसार पाइप बदललाय आणि गाडीतून निघालेल्या पाइपावर मूळ तारीख आहे, दोन्ही खरं असू शकत नाही, सोबत फोटो आणि तुमचंच जॉब कार्ड. वर्कशॉपला नाही, कंपनीच्या ग्राहक विभागाला, आणि प्रत सरकारी तक्रार यंत्रणेकडे. उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्यांनी रेकॉर्ड दुरुस्त केलं, सुधारित पाइप आणि व्हॉल्व्ह फुकट बसवून दिला. पॅड, डिस्क आणि मास्टर सिलेंडरचे पैसे दिले नाहीत, ते काम रिकॉलशी संबंधित नाही म्हणाले, आणि त्यावर माझं अजून चालू आहे कारण ते पार्ट त्यांच्याच वर्कशॉपने चुकीच्या निदानावर बदलले होते. जुनी बिलं असतील तर जपून ठेवा, रिकॉल निघण्याआधी तेच काम स्वतःच्या खर्चाने केलं असेल तर बऱ्याच वेळा परतावा मागता येतो.

नवा पाइप बसून चार महिने झाले. मी अजूनही दर महिन्याला गाडी तासभर चालवून, गरम असतानाच, भराभर सहा वेळा पेडल दाबून बघतो. सहावाही मऊ लागतो. गाडी विकेन तेव्हा तो जुना पाइप आणि दुरुस्त केलेल्या रेकॉर्डची प्रत नव्या मालकाला देणार आहे.